आठ बाइटांसाठी चार किलोबाइटांची पायपीट

नेटवर्कवाल्यांच्या स्क्रीनवर जे हिरवे-निळे आलेख दिसायचे ना, त्यांचा मूळपुरुष १९९४ सालचा. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर तेव्हा काम करत होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ केबीपीएसची! ती किती भरलीये हे कळावं म्हणून त्याने एमआरटीजी लिहिलं. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं, आकडा लिहून ठेवायचा, चित्र काढायचं. बस्स.

१९९९ साली त्यानेच आरआरडीटूल आणलं. यातली फाइल पहिल्या दिवशीच पूर्ण आकाराची बनते आणि पुढे कधी वाढत नाही. जागा संपली की सर्वात जुन्या आकड्यावर नवा, रहाटगाडग्यासारखं. डिस्क भरायची भीतीच नाही. मला ही कल्पना अजूनही फार आवडते.

पण गोम इथेच आहे. एक आकडा ८ बाइटांचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ४ किलोबाइटच्या पानाखाली बोलतच नाही. ८ बाइट बदलायचे तर अख्खं पान आधी मेमरीत वाचा, मग बदला, मग परत लिहा. शिवाय फाइलच्या तोंडचं हेडरही बदलायचं, म्हणजे आणखी एक पान. त्यात प्रत्येक पोर्टची फाइल वेगळी! ७२०० आरपीएमची चकती सेकंदाला अशा शंभरेक उड्या मारते. पाच मिनिटांत झाल्या तीसेक हजार. फेरा वेळेत संपला नाही की आलेखात भोक पडतं. रात्री तीनला लाइन का तुंबली हे शोधणाऱ्याला त्या भोकाचा काय उपयोग?

एका मशीनवर फार तर लाखभर फाइली, त्यापुढे नाही, असाच सगळ्यांचा समज होता. २००७ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या डेव्ह प्लॉन्का आणि सहकाऱ्यांनी नीट मोजून पाहिलं. गंमत म्हणजे चोर लिहिण्यात नव्हताच, वाचण्यात होता! एक पान मागितलं की 'लागतीलच' म्हणून सिस्टिम पुढचीही चार पानं आणून ठेवायची. (लग्नातला आग्रही वाढपी आठवा.) ती कधीच लागत नसत, पण कामाची पानं मात्र मेमरीतून बाहेर ढकलली जात. खरं तर ३,२०,००० फाइलींची प्रत्येकी दोन पानं धरली तरी हिशोब अडीच जीबीच्या आसपासच येतो. पुढचं वाचू नकोस, असं सिस्टिमला बजावणं हा त्यांचा एक उपाय, आकडे साठवून एकदम लिहिणं हा दुसरा. क्षमता जवळजवळ तिप्पट झाली, आणि ३,२०,००० फाइलींचं एमआरटीजी त्यांनी चालवून दाखवलं.

साठवून लिहिण्याची सोय २००९ साली आरआरडीकॅशडी म्हणून आरआरडीटूलमध्येच आली. मधल्या मध्ये वीज गेली तर? त्यासाठी एक रोजखर्डा असतो. आकडे ओळीने त्यात टिपत जायचं, फाइलींत नंतर. ओळीने लिहिताना चकतीला उड्या माराव्या लागत नाहीत.

एसएसडी आल्यावर तर उड्यांचा प्रश्नच मिटला. पण ८ बाइटांपायी ४ किलोबाइट लिहिणं तसंच आहे, आणि फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच पुसता येतात.