मागून धडकला तो चुकला?

मंडळी, १५ ऑक्टोबर २०२३ची मध्यरात्र उलटून गेलेली. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी माणसं. बारा जण गेले. सकाळी आमच्या नागपुरात, जिथून हा रस्ता सुरू होतो तिथे, पानठेल्यावर निकालही लागून गेला होता: "मागून ठोकली ना? मग चूक मागच्याचीच." नंतर आरोप पुढे आला की परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांनीच तो ट्रक महामार्गावर थांबवला होता. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. पानठेल्याचा निकाल तेव्हा जरा हलला. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. १८०९ साली इंग्लंडातल्या डर्बी गावात एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर खांब आडवा टाकला होता. संध्याकाळी गुत्त्यातून निघालेला घोडेस्वार भरधाव आला आणि त्यावर आपटला. न्यायालय म्हणालं, तू नीट पाहिलं नाहीस, भरपाई शून्य. पुढे १८४२ साली उलटं झालं. पुढचे पाय बांधून रस्त्याकडेला सोडलेलं गाढव एका घोडागाडीखाली मेलं. तिथे मालक जिंकला, कारण अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाकडे होती. म्हणजे सगळं तरी, नाहीतर काहीच नाही! दोष वाटून घेण्याची सोय ब्रिटिश संसदेने १९४५च्या कायद्याने केली, आणि आपल्या न्यायालयांनीही दोषाच्या प्रमाणात भरपाईचं तत्त्व उचललं.

गाढवावरून आठवलं. न्यायदर्शनातही एक गाढव आहे. माती वाहून आणणारं कुंभाराचं गाढव घटाच्या आधी हजर असतं, तरी त्याला घटाचं कारण म्हणत नाहीत, ते 'अन्यथासिद्ध'. विश्वनाथांच्या भाषापरिच्छेदात हे येतं. आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं आणि मुलं हसली. पण ट्रकच्या मागे जो लोखंडी आडवा दांडा असायला हवा, तो नसणं हे त्या गाढवासारखं आहे का?

दांड्याचं काम समजून घ्या. मोटारीचा पुढचा भाग चेपून धक्का पचवण्यासाठी बनवलेला असतो. ट्रकचा हौदा त्याहून उंच. दांडा नसेल तर बॉनेट सरळ खाली शिरतं, आणि हौद्याची कड काचेला, म्हणजे माणसाच्या डोक्याला भिडते. मग सीटबेल्ट आणि एअरबॅग यांचा फारसा उपयोग उरत नाही. अमेरिकेत १९५३पासून नियम होता, पण दांडा जमिनीपासून ३० इंचांपर्यंत चालत असे. १९६७ साली अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड अशाच धडकेत गेली, तिच्या नावानेच लोक त्या दांड्याला ओळखू लागले. तरी उंची २२ इंचांवर यायला १९९८ उजाडलं. एकतीस वर्षं! आपल्याकडे भारतीय मानक १४८१२ हे २००५चं, आणि त्यात मर्यादा ५५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. कागदावर आपण मागे नाही. वाडीच्या नाक्यावर उभं राहून ट्रकांच्या मागच्या बाजू पाहा, म्हणजे कागद आणि लोखंड यातलं अंतर कळेल.

आता आपली न्यायालयं. १९५६च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. तिथे सहसा तिघे उभे असतात: चालक, मालक आणि विमा कंपनी. हौदा बांधणारा कारागीर आणि फिटनेसचा दाखला देणारा अधिकारी क्वचितच दिसतात. प्रश्नही एकच असतो, धडक कोणामुळे झाली? २०१८ सालीच सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. एकात रात्री दिव्यांविना रस्त्यावर उभा टँकर होता. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा केला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण टँकरचालकावर ठेवला. दुसऱ्यात मोटार चालत्या ट्रकच्या दहा-पंधरा फूट मागे होती. तिथे पुरेसं अंतर न राखल्याचा दोष मोटारचालकावर आला. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. २०२४मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट न्यायालयाने सांगितली: आपल्या गाडीच्या चालकाचा निष्काळजीपणा मागच्या सीटवरच्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही.

पण धडकेचं कारण आणि मृत्यूचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे इंग्लंडात १९७५ साली लॉर्ड डेनिंग यांनी सीटबेल्टच्या खटल्यात स्पष्ट केलं. बेल्ट न लावल्याने अपघात होत नाही, जखम वाढते. म्हणून, बेल्टने जखम पूर्ण टळली असती तर भरपाई चतुर्थांशाने कमी. ठीक. मग हाच काटा दुसऱ्या बाजूला का धरू नये? मोटारचालकाने अंतर राखलं नाही हे मान्य, पण दांडा असता तर तो पाय मोडून घेऊन घरी आला असता. त्याच्या मरणातला ट्रकमालकाचा वाटा कोण मोजणार? तर हे कुंभाराचं गाढव नव्हे. गाढव काढलं तरी माती बैलाच्या पाठीवरून येते, घट होतोच. इथे दांडा बसवला तर परिणाम बदलतो.

अडचण पुराव्याची आहे. जप्त केलेला ट्रक सुटतो, मालक दुसऱ्या आठवड्यात दांडा वेल्डिंग करून घेतो, आणि दावा सुनावणीला येतो तो काही वर्षांनी. म्हणून श्रोत्यांत वकील मंडळी असतील, विशेषतः तरुण, त्यांना आमची एक विनंती. ट्रक ठाण्याच्या आवारातून हलण्याआधी अर्ज द्या, आणि पंचनाम्यात दांडा होता की नव्हता, तो जमिनीपासून किती मिलिमीटर वर होता, वाकला की तुटला, हे टेपने मोजून लिहवून घ्या. टेप पन्नास-शंभर रुपयांना मिळते.