पावसातली टोपी आणि पारा

पाऊस सुरू झाला की आपल्याकडे छत्र्या उघडतात. छत्री घरोघर पोचण्याआधी कोकणात इरले होते आणि घाटावर घोंगडीची खोळ होती. युरोपात मात्र छत्रीला फार उशिरा मान मिळाला. जोनास हॅनवे या लंडनच्या गृहस्थाने १७५०च्या दशकात रस्त्यातून छत्री घेऊन फिरायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली. पुरुषाने पाऊस आणि हिम अंगावर घ्यावे, आणि डोके वाचवायचे ते टोपीने, अशीच रीत होती. ही टोपी चांगली असेल तर ती फेल्टची असे.

फेल्ट म्हणजे नमदा. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा आपल्या ओळखीचा आहे. ही टोपी पावसात का टिकते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि रसायनशास्त्राचा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण कॅनडातील नद्यांवर जातो, तेथून लंडनच्या बाजारात येतो, आणि शेवटी हात थरथरणाऱ्या कामगारांपाशी येऊन थांबतो.

न विणलेले कापड

सुती कापडात आधी सूत काततात, मग ताणा आणि बाणा घालून विणतात. नमद्यात सूतही नसते आणि वीणही नसते. लोकर किंवा प्राण्यांचे मऊ केस पसरतात, त्यांवर गरम पाणी टाकतात, आणि दाबत, चोळत, गुंडाळत राहतात. केस एकमेकांत गुंततात आणि सलग, घट्ट थर तयार होतो.

हे कसे घडते? केस हा केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. वर्गात याची प्रचीती घेणे सोपे आहे. डोक्याचा एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांमध्ये लांबीच्या दिशेने धरून दोन्ही बोटे मागेपुढे चोळावीत. केस हळूहळू एकाच दिशेने, मुळाच्या बाजूने, पुढे सरकताना दिसेल. लोकरीचे हजारो केस असेच एकमेकांत शिरतात आणि परत फिरू शकत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर तो आटतो आणि जाड होतो, त्याचे कारणही हेच.

ही कला फार जुनी आहे. दक्षिण सैबेरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांतून नमद्याच्या अनेक वस्तू मिळाल्या आहेत. थडग्यांत शिरलेले पाणी गोठल्यामुळे दोन हजारांहून अधिक वर्षे त्या टिकून राहिल्या. प्राचीन ग्रीक प्रवासी रुंद काठाची नमद्याची टोपी घालत. तिला ते पेटासोस म्हणत.

पाऊस आणि हिम यांतला फरक

लोकरीच्या केसाचा बाहेरचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो, कारण त्यावर मेदाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. आतला भाग मात्र पाण्याची वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. ही वाफ शोषली जाताना थोडी उष्णताही बाहेर पडते. अळवाच्या पानावर थेंब जसा गोल राहतो, तसा तो घट्ट नमद्यावर काही काळ राहतो. केसांमधील फटी इतक्या बारीक असतात की पृष्ठताणामुळे पाणी एकदम आत शिरत नाही.

पण पाऊस तासन्‌तास चालला तर पाणी हळूहळू आत जातेच. मग टोपी जड होते आणि तिचा काठ लोंबू लागतो. केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्यामुळे सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून टोपी ज्या आकारात वाळेल तोच आकार धरते. ओली टोपी शेकोटीजवळ वाळवू नये, आतून आकार देऊन सावलीत सावकाश वाळवावी, हा जुन्या लोकांचा सल्ला शास्त्राला धरून आहे. उष्णतेने केस आणखी गुंततात आणि टोपी आटते.

हिमाचे गणित निराळे आहे. कडक थंडीतील हिम कोरडे असते. नमद्यात हवा अडकून राहते, त्यामुळे डोक्याची ऊब टोपीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत फारशी पोचत नाही. तो थंडच राहतो, म्हणून त्यावरचे हिम वितळत नाही. टोपी झटकली की काम झाले. न झटकता उबदार खोलीत गेलो तर मात्र तेच हिम वितळून टोपी भिजवते.

बीव्हरच्या केसांची टोपी

सगळ्या केसांचा नमदा सारखा होत नाही. मेंढीच्या लोकरीची स्वस्त टोपी पावसात लवकर मऊ पडे. सर्वांत उत्तम टोपी होई ती बीव्हरच्या केसांची. बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा कृंतक प्राणी. त्याच्या राठ बाह्य केसांखाली अतिशय दाट आणि मऊ केसांचा थर असतो. हे आतले केस पटकन आणि घट्ट गुंततात. त्यांची टोपी हलकी होते, आकार धरते आणि पाऊस दीर्घकाळ अडवते.

टोपीवाला हे केस पसरवण्यासाठी छताला टांगलेले मोठे धनुष्य वापरी आणि त्याची तात छेडून केस उडवी. आपल्या पिंजाऱ्याची धनुकली डोळ्यांसमोर आणली की हे काम लगेच समजते. केसांच्या या थरापासून मोठा शंकू बनवीत. तो उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा दाबून निम्म्याच्या आसपास आटवीत आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून आकार देत. टोपी ताठ राहावी म्हणून पुढे लाखेचा वापर होऊ लागला. लाख पाण्यात विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये किंवा टाकणखाराच्या गरम द्रावणात विरघळते. ही लाख मोठ्या प्रमाणात भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. लंडनच्या पावसात ताठ उभ्या राहणाऱ्या टोपीत आपल्याकडच्या पळस-कुसुंबावरील किड्यांचाही वाटा होता, तो असा.

अशी टोपी महाग असे. लंडनच्या नौदल कार्यालयातील अधिकारी सॅम्युएल पेपिस याने १६६१ साली घेतलेल्या बीव्हर टोपीची किंमत आपल्या दैनंदिनीत ४ पौंड ५ शिलिंग अशी नोंदवली आहे. त्याचे वार्षिक वेतन ३५० पौंड होते, म्हणजे एका टोपीला साडेचार दिवसांचा पगार पडला. आणि पेपिस हा वरच्या हुद्द्याचा माणूस होता.

युरोपातले बीव्हर शिकारीमुळे संपत आले होते. मग व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. १६७० साली इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली, ती मुख्यतः याच कातड्यांच्या व्यापारासाठी. तेथील मूळ रहिवासी बीव्हरच्या कातड्यांची वस्त्रे केसांची बाजू आत ठेवून अंगावर घालत. वर्ष-दोन वर्षांच्या वापराने राठ केस गळून जात आणि मऊ केस उरत. अशा वापरलेल्या कातड्यांना नव्यापेक्षा अधिक भाव मिळे! विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप आणि आशियात मिळून जेमतेम १,२०० बीव्हर उरले होते. संरक्षण आणि पुनर्वसन यांमुळे आज त्यांची संख्या दहा लाखांवर गेली आहे.

पाऱ्याचा प्रवेश

बीव्हर महागला तेव्हा टोपीवाल्यांनी ससे आणि रानससे यांचे केस वापरायला घेतले. पण ससाचा केस सरळ आणि गुळगुळीत असल्याने तो नीट गुंतत नाही. यावर उपाय निघाला तो मर्क्युरिक नायट्रेटचा. पारा नायट्रिक आम्लात विरघळवून ते द्रावण कातड्यावरील केसांवर ब्रशने लावत. या द्रावणामुळे केराटिनमधील गंधकाचे बंध तुटतात, केस वाकतो, खवले उघडतात आणि केस चांगला गुंतू लागतो. वाळल्यावर केसांची टोके गाजरासारखी नारिंगी दिसत, म्हणून इंग्रज कारागिरांनी या क्रियेला गाजरावरूनच नाव दिले. फ्रान्समध्ये ही कृती गुप्त ठेवली जाई. १६८५ नंतर धार्मिक छळामुळे देश सोडून गेलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी ती इंग्लंडमध्ये नेली, असे सांगितले जाते.

या कृतीने सामान्य माणसाला परवडेल अशी पावसाळी टोपी मिळाली. पण तिची किंमत दुसराच कोणी भरत होता. केस वाळवताना, पिंजताना, शंकू उकळताना आणि टोपीला वाफ देताना पाऱ्याची वाफ हवेत मिसळे. तिला रंग नाही आणि वास नाही. थंडीमुळे खिडक्या बंद ठेवलेल्या कारखान्यात कामगार ती दिवसभर हुंगत. फुप्फुसांतून ती रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत पोचते.

आधी हिरड्या सुजत, लाळ गळे, दात हलू लागत. मग बोटे, पापण्या आणि ओठ थरथरत. अमेरिकेतील डॅनबरी हे कनेक्टिकट राज्यातील गाव टोप्यांसाठी इतके प्रसिद्ध होते की या थरथरीलाच डॅनबरीचे नाव मिळाले. शेवटी स्वभाव बदले. माणूस चिडका, भित्रा आणि विसरभोळा होई. कोणी पाहत असले तर त्याचे हातातले काम चुके. इंग्रजीत ‘टोपीवाल्यासारखा वेडा’ अशी म्हण आहे. ती पाऱ्यामुळेच आली की नाही याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलिसच्या गोष्टीतला टोपीवाला तर चारचौघांत बडबड करणारा आहे. पारा भिनलेला खरा कामगार माणसांपासून तोंड लपवी.

माहीत होते, तरीही

येथे विज्ञानाच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. हे कोणाला कळले नव्हते काय? कळले होते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात मुलामा देणाऱ्या आणि आरसे करणाऱ्या कारागिरांना पाऱ्यामुळे होणाऱ्या रोगांचे वर्णन आहे. रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ हे विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १८६० साली डॉ. फ्रीमन यांनी न्यू जर्सीतील टोपी-कामगारांच्या विकारांचा सविस्तर अहवाल छापला. पारा न वापरता काम करण्याच्या एका पद्धतीचे अमेरिकेत १८८८ साली पेटंट घेतले गेले, पण कारखानदारांनी तिकडे लक्ष दिले नाही. फ्रान्समध्ये १८९८ साली कामगारांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. अमेरिकेत मात्र पारा चालूच राहिला.

तो थांबला १९४१ च्या डिसेंबरात. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने आधीची काही वर्षे कामगारांची तपासणी केली होती आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित पर्यायही हाताशी होता. पण बदल घडवायला आणखी एक कारण लागले. युद्धासाठी स्फोटकांच्या डिटोनेटरमध्ये पारा हवा होता. कामगारांचे थरथरते हात जे ऐंशी वर्षांत घडवू शकले नाहीत, ते युद्धाच्या गरजेने घडवले. एखादी गोष्ट माहीत होणे आणि त्या माहितीवर कृती होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे पहिलीलाच विज्ञान म्हणतो आणि दुसरीचा इतिहास सांगायचे विसरतो. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगायला हव्यात.

हा इतिहास दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. तमिळनाडूत कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ साली बंद पडला. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. तरीही अनेक शाळांच्या कपाटांत जुने तापमापक, वायुभारमापक आणि पाऱ्याच्या बाटल्या पडून आहेत. पारा तळहातावर घेऊन खेळवण्याची गंमत आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थी असताना केली असेल. ती आता वर्गात होऊ देऊ नये. तापमापक फुटला तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, आणि पाऱ्याचे थेंब कागदाच्या कडेने गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. केरसुणी वापरू नये. तिने थेंब फुटून विखुरतात आणि वाफ होण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. बरणी मोरीत रिकामी करू नये, ती घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावी.

नमद्याचा प्रयोग मात्र अवश्य करावा. त्याला मूठभर न कातलेली लोकर, कोमट पाणी आणि साबण एवढेच लागते. मुलांनी पंधरा-वीस मिनिटे चोळून केलेला तुकडा वाळू द्यावा, साबण निघेपर्यंत धुवावा, पुन्हा वाळवावा आणि मग त्यावर पाण्याचे थेंब सोडून किती वेळ टिकतात ते मोजावे. शेजारी सुती कापडाचा तुकडा ठेवला तर तुलना करता येईल. थेंब टिकला की मुले त्याचे कारण विचारतील. तेव्हा खवल्यांची गोष्ट सांगावी आणि तिला जोडून टोपीवाल्यांचीही सांगावी. डॅनबरीतले टोप्यांचे कारखाने आता राहिले नाहीत, पण तेथील स्टिल नदीच्या गाळात त्यांचा पारा अजून सापडतो.