ब्लॅकपूलची गरगरती गाडी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. पण साधी माणसे सुट्टी मिळाली की कुठे गेली, कशाला हसली, हाही इतिहासच आहे. फरक इतकाच, की त्याची दफ्तरे सहसा कुणी जपत नाही. आज अशाच एका खेळगाडीची हकिकत सांगायची आहे. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल गावी, ‘प्लेझर बीच’ या करमणूक उद्यानात, ती १९२२ ते १९८२ अशी साठ वर्षे धावली. तिचे नाव ‘व्हर्जिनिया रील’.

मूळची ती अमेरिकेची. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली लूना पार्क उघडले. तिथे हेन्री रील या गृहस्थाने १९०८ मध्ये अशी पहिली गाडी उभारली. व्हर्जिनिया रील हे अमेरिकेतल्या एका लोकनृत्याचे नाव. पण रीलसाहेबांच्या मुलीचे नावही लूना व्हर्जिनिया होते. म्हणजे नावात नाचही आला आणि लेकही आली!

रोलर कोस्टर आपल्याला ठाऊक आहे. साखळीने गाडी उंच ओढून न्यायची आणि पुढे तिला तिच्या वजनावर सोडून द्यायची. इथे मात्र गाडी लांबट नव्हती. गंगाळासारखी गोल होती. खालचा सांगाडा चाकांवर रुळांतून जाई, आणि वरचे गंगाळ मधल्या खुंटावर मोकळे फिरे. रूळ नागमोडी. वळण आले की सांगाडा वळे, पण वरचे वजन आपल्या जुन्याच दिशेने जाऊ पाही. एका बाजूला माणूस जाडजूड असला की गंगाळाने घेतलीच गिरकी! बसणारे बदलले की गिरकी बदले. त्यामुळे एक फेरी दुसरीसारखी होत नसे.

आणखी एक गोष्ट. सगळे गोल बसत, एकमेकांकडे तोंड करून. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पण तो काळ पाहा. परक्या स्त्री-पुरुषांनी अंतर राखून वागावे, असा त्या समाजाचा दंडक. इथे पहिल्याच वळणाला सभ्य गृहस्थ शेजारणीवर आदळत, टोप्या वाकड्या होत, आणि रागवायचे सोडून सगळे हसत सुटत. जॉन कॅसन या इतिहासकाराने कोनी आयलंडवर १९७८ साली पुस्तक लिहिले. अशा उद्यानांनी जुने शिष्टाचार सैल केले, हा त्याचा एक मुद्दा आहे.

ब्लॅकपूलची गाडी विल्यम स्ट्रिकलर याने बांधली. तिच्यात बसे कोण? मुख्यतः लँकशायरच्या कापडगिरण्यांतले कामगार. वर्षातून एक आठवडा गावच्या गावे गिरण्या बंद ठेवत, भोंगे गप्प होत, आणि माणसे आगगाडीने समुद्रावर येत. याला ‘वेक्स वीक’ म्हणत. या गिरण्यांशी आपलाही संबंध आहे. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली. हिंदुस्थानात येणारे ते कापड मुख्यतः लँकशायरचेच. पण तिथला कामगार काही गिरणीचा मालक नव्हता. त्याच्या सुट्टीचा पगारही कापला जाई. भरपगारी सुट्टीचा कायदा झाला १९३८ साली. तोवर वर्षभर सुट्टीच्या भिशीत पेनी पेनी टाकायची आणि आठवडाभरात ती उडवायची, असा रिवाज होता. त्या गिरकीचे मोल काय, ते यावरून समजावे.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त विमाने लोकांना स्पेनच्या उन्हात नेऊ लागली. १९८२ साली व्हर्जिनिया रील मोडून काढली. अशा गाड्यांतली ती जगातली शेवटची होती.

स्ट्रिकलरनेच १९२३ मध्ये तिथे ‘बिग डिपर’ नावाची दुसरी लाकडी रोलर कोस्टर बांधली. ती मात्र उभी राहिली. २००२ साली मार्गेट गावच्या अशाच एका जुन्या लाकडी गाडीला ऐतिहासिक वास्तू म्हणून सरकारी संरक्षण मिळाले, आणि २०१७ साली बिग डिपरलाही. चर्च आणि किल्ल्यांच्या यादीत खेळगाडी बसू शकते, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. तोवर व्हर्जिनिया रीलची लाकडे केव्हाच उखडली गेली होती.

गिरकीची कल्पना मात्र टिकली. इंग्लंडातच ऑल्टन टॉवर्स या उद्यानात २००४ साली पोलादी रुळांवरची गिरक्या घेणारी गाडी सुरू झाली. तिच्यात चौघे बसतात, दोघांच्या पाठीला दोघांची पाठ लावून. वेग आला, सुरक्षितता आली, नवल आहेच. पण समोरच्या अनोळखी माणसाची भीती आणि हसू एकाच वेळी पाहायला मिळे, ती सोय काही या बैठकीत उरलेली नाही.