सामूहिक कामगार करारांचे विवाद : न्यायालयीन अधिकारिता व लवाद (भारत)

मालक व कामगार संघटना यांच्यातील सामूहिक करार मोडला गेला किंवा त्याच्या बंधनकारकतेविषयी वाद उद्भवला, तर दाद दिवाणी न्यायालयाकडे मागावी, औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, की उभयपक्षांनी नेमलेल्या लवादाकडे, हा भारतीय कामगार कायद्यातील अधिकारितेचा महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यावरील मूलभूत तत्त्वे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या अमलात आणि मुख्यत्वे मुंबईतील एका खटल्यातून स्थिर झाली.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स खटला

या कंपनीने १९७१ मध्ये प्रोत्साहन वेतनासंबंधी एका संघटनेशी करार केला. अधिनियमाच्या कलम १८(१) नुसार समेटाच्या कार्यवाहीबाहेर झालेला करार केवळ तो करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार मात्र कलम १८(३) नुसार आस्थापनेतील सर्व कामगारांना, पुढे नोकरीस लागणाऱ्यांनासुद्धा, लागू होतो. हा करार पहिल्या प्रकारचा असल्याने तो आपल्यावर बंधनकारक नाही, असा दावा दुसऱ्या संघटनेच्या बाजूच्या कामगारांनी मुंबई नगर दिवाणी न्यायालयात लावला. तेथे व उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट १९७५ रोजी हे निर्णय फिरवले. जो हक्क अधिनियमानेच निर्माण केला, त्याची दादही अधिनियमाने नेमून दिलेल्या मार्गानेच मागावी लागेल, असे न्यायालयाने ठरवले. विवाद औद्योगिक नसेल तर दिवाणी न्यायालय हाच मार्ग. विवाद औद्योगिक असला तरी हक्क सर्वसाधारण कायद्यातून आलेला असेल तर दोन्हींपैकी एक मार्ग निवडण्याची मुभा कामगाराला राहते. ही मुभा दिसते तेवढी व्यापक नाही. सामूहिक करारांना बंधनकारकता बहुधा अधिनियमामुळेच लाभत असल्याने असे विवाद सहसा तिच्या कक्षेत येत नाहीत.

अडचण अशी की, न्यायाधिकरणाचे दार कामगाराला स्वतः उघडता येत नव्हते. विवाद तेथे सोपवायचा की नाही, हे कलम १० नुसार शासन ठरवी. कामगारांना थेट दाद मागता यावी, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात केली. २०१० च्या दुरुस्तीने ती सोय दिली, पण केवळ बडतर्फी, कामावरून कमी करणे अशा वैयक्तिक विवादांपुरती.

लवाद

स्वेच्छेच्या लवादाची तरतूद कलम १०अ द्वारे १९५६ मध्ये आली. तिला सर्वसाधारण लवाद कायदा लागू नसे. विवाद न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी लेखी करार करणे व तो शासनाने राजपत्रात प्रसिद्ध करणे आवश्यक होते. ही प्रसिद्धी अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाल लेदर खटल्यात (१९८९) सांगितले. एरवी खाजगी वाटणारा हा मार्गही शासनाच्या नजरेखालूनच जातो, तो असा. लवादाचा निवाडा अंतिम नसतो, उच्च न्यायालय तो रिट अधिकारात तपासू शकते, हे रोहतास इंडस्ट्रीज व गुजरात स्टील ट्यूब्स या खटल्यांत स्पष्ट झाले. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या तीन निर्णयांनी लवादाला अग्रस्थान दिले; भारतात तसे घडले नाही. अहमदाबादच्या गिरणी उद्योगात १९१८ च्या संपापासून लवादाची परंपरा होती, हे लक्षात घेता ही बाब काहीशी आश्चर्याची आहे.

महाराष्ट्रातील वेगळी वाट

महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ हा ८ सप्टेंबर १९७५ पासून, म्हणजे वरील निकालानंतर अवघ्या पंधरवड्यात, अमलात आला. निवाडा, समझोता किंवा करार न पाळणे ही त्याच्या चौथ्या अनुसूचीतील बाब ९ नुसार मालकाची अनुचित प्रथा ठरली आणि त्याविरुद्ध औद्योगिक न्यायालयात थेट तक्रार करता येऊ लागली. त्यासाठी शासनाच्या निर्देशाची गरज नव्हती. अशा विषयांवरील दिवाणी दाव्यांना कलम ६० ने मनाई केली.

औद्योगिक संबंध संहिता

१९४७ च्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समेट अयशस्वी झाल्यास संबंधित पक्षाला न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करण्याची मुभा तिने दिली असून स्वेच्छेचा लवादही कायम ठेवला आहे.