तीन पात्यांचा कपलर



इतिहासाच्या मालिकेत आज गाडीचा हेडलाइट कुठून आला, असं काही जणांना वाटेल. मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीबद्दल बोललो. आजही शहर तेच आहे, पण गोष्ट माझ्या घराच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमधली आहे. तिथून ती बरीच मागे जाते.

आम्ही बंगळूरला राहतो आणि गणपतीला कोल्हापूरला जातो. हा आमचा दरवर्षीचा नेम. गेल्या वर्षी निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही तुमकूरच्या पुढे एका नातेवाइकांकडे गेलो होतो. परतताना रात्र झाली आणि पाऊस लागला. आतल्या अरुंद रस्त्यावर समोरून एक टेम्पो आला. तो बाजूला सरेचना. अगदी जवळ आल्यावर त्याने जोरात स्टेअरिंग फिरवलं आणि चालकाने काच खाली करून कन्नडमध्ये दोन शब्द सुनावले. पुढे धाब्यावर थांबलो तेव्हा कारण कळलं. आमचा चालकाच्या बाजूचा दिवा बंद होता. अंधारात त्याला एकच दिवा दिसला, तोही रस्त्याच्या कडेचा. त्याने आम्हाला मोटारसायकल समजून तेवढीच जागा सोडली होती. मागच्या सीटवर माझी ऐंशी वर्षांची आई झोपली होती. तिला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा बल्ब घातला. आठ दिवसांत तोही गेला. मी बल्ब बनवणाऱ्यांना नावं ठेवली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, बल्बच्या मागचा तो प्लग बघितलास का?" बघितला. प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, एक कोपरा वितळला होता आणि आतलं पितळ काळं झालं होतं. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन याला 'कपलर' किंवा 'होल्डर' म्हणतात. त्यात तीन पाती बसतात. एक वर आडवं आणि दोन बाजूंना उभी. एक अप्परचं, एक डिपरचं आणि एक अर्थिंगचं. हा तीन पात्यांचा प्लग कुठून आला, हे शोधताना मी इतिहासात शिरलो.

आधी बंगळूरच्या उजेडाबद्दल. ५ ऑगस्ट १९०५ रोजी इथल्या सिटी मार्केट भागात रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. ही वीज कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून आली. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात ते जलविद्युत केंद्र आखलं गेलं. ते पूर्ण झालेलं पाहायला अय्यर राहिले नाहीत. १९०१ मध्ये ते वारले आणि १९०२ मध्ये केंद्र सुरू झालं. पण ती वीज आधी बंगळूरला मिळाली नाही. ती जवळपास दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. पैसा तिथे होता. शहराचा नंबर तीन वर्षांनी लागला.

बंगळूर हे आशियातलं विजेचे पथदिवे लागलेलं पहिलं शहर, असं तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. ते खरं नाही. शांघायमध्ये १८८२ मध्येच विजेचे दिवे लागले होते, आणि आपल्याकडे दार्जिलिंगला १८९७ मध्ये जलविद्युत आली होती. बंगळूरचं मोठेपण दुसरं आहे. इतक्या लांबून उच्च दाबाने वीज आणणं त्या काळी जगातसुद्धा धाडसाचं काम होतं.

रस्त्यावर वीज आली, तरी रस्त्यावरच्या मोटारींकडे ती नव्हती. त्या काळच्या मोटारींचे दिवे कार्बाइडवर चालत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी थेंब थेंब पडायचं, ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो काडीने पेटवायचा. विजेचे दिवे सर्रास आले ते १९१२-१३ च्या सुमारास. अमेरिकेत कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर आणि दिवे एकत्र दिले. जर्मनीत बॉशने १९१३ मध्ये डायनॅमो, बॅटरी, रेग्युलेटर आणि दिवे असा पूर्ण संच विकायला काढला. त्याच बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये 'मायको' कंपनी स्थापन झाली. बंगळूरच्या आडुगोडीतल्या कारखान्यात तिने स्पार्क प्लग आणि डिझेलचे पंप बनवले. आजही इथे मायको लेआउट नावाची वस्ती आहे.

आता तीन पाती. १९४० मध्ये अमेरिकेत 'सील्ड बीम' दिवा प्रमाण ठरला. सात इंची गोल काच, आरसा आणि तारा एकत्र बंद. दिवा गेला की अख्खा बदलायचा. आत दोन तारा, मागे तीन पाती. आपल्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचे गोल डोळे याच मापाचे. युरोपने वेगळी वाट धरली, काच कायम ठेवून फक्त बल्ब बदलायची. १९६२ मध्ये तिथे पहिला हॅलोजन हेडलाइट आला. १९७१ मध्ये दोन तारांचा हॅलोजन बल्ब आला, तो म्हणजे आपला एच४. अप्परला ६० वॉट, डिपरला ५५. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड ती अडवते. आणि मागे? तीच तीन पाती, तशाच मांडणीत. म्हणून जुना सील्ड बीम काढून एच४ चा दिवा त्याच कपलरला लावता येतो. दिव्यातलं सगळं बदललं, प्लग तेवढा टिकला.

या गोष्टीला मराठी धागाही आहे. भारतात मोटार बनवावी असा ध्यास घेतलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपण त्यांना ओळखतो. १९३० च्या दशकात त्यांनी परदेशात जाऊन मोटार कारखाने पाहिले. त्यांना साथ मिळाली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं, कारखाना बंगळूरला येणार असं दिसत होतं. पण ब्रिटिश सरकारने पाठबळ नाकारलं. मग १९४० च्या डिसेंबरात वालचंदांनी बंगळूरमध्ये विमानाचा कारखाना उभा केला. आजचं एचएएल ते हेच. मोटार कारखाना १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणून मुंबईत कुर्ल्याला स्थापन झाला. म्हणजे पद्मिनी बंगळूरची होता होता राहिली. विश्वेश्वरय्या शंभरी ओलांडून १९६२ मध्ये बंगळूरलाच गेले. हॅलोजन हेडलाइट आला तेच हे वर्ष.

परत माझ्या पार्किंगमध्ये येऊ. कपलर जळतो का? १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा बल्ब सुमारे पाच अँपिअर घेतो. पाती सैल झाली किंवा गंजली की तिथे अडथळा वाढतो. समजा तो ओहमचा एक दशांश झाला, तर पाच अँपिअरला तिथे अडीच वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा जागेत ती प्लास्टिक भाजते, पितळ आणखी सैल होतं, अडथळा आणखी वाढतो. शिवाय दिव्याला व्होल्टेज कमी पोचतं. तेराऐवजी बारा व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास पाव हिश्शाने घटतो.

आता माझा गुन्हा सांगतो. चार वर्षांपूर्वी घाटात नीट दिसावं म्हणून मी १०० वॉटचे बल्ब बसवून घेतले होते. पाच अँपिअरच्या जागी आठाहून जास्त. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. कपलर बिचारा चार वर्षं भाजत होता आणि मी नव्या बल्बला दोष देत होतो. समोरून येणाऱ्यांचे डोळे मी किती वेळा दिपवले असतील, तो हिशेब वेगळाच.

शनिवारी जे. सी. रोडवर गेलो. गाडीच्या सुट्या भागांची ती जुनी बाजारपेठ. दुकानदाराने जळका कपलर हातात घेऊन विचारलं, "हंड्रेड वॉट?" मी मान डोलावली. त्याने काही न बोलता सिरॅमिकचे दोन होल्डर आणि ६०/५५ चे दोन बल्ब पुढे ठेवले.

काम तासाभराचं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. जुन्या कपलरचा फोटो घेतला. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवायचा नाही, प्रत्येक गाडीत ते वेगळे असू शकतात. म्हणून एकावेळी एकच तार कापली आणि नव्या होल्डरच्या त्याच पात्याच्या तारेला जोडली, मगच दुसरीला हात लावला. तांबं काळं होतं तिथवर तार मागे छाटली, चकचकीत तांबं लागल्यावर थांबलो. जोड पकडीने दाबून घेतले, वर आकसणारी नळी गरम करून बसवली. तिन्ही जोड एका रेषेत न ठेवता पुढेमागे ठेवले, म्हणजे एकमेकांना घासणार नाहीत. फ्यूज कंपनीचाच ठेवला, मोठा घातला नाही. बल्बच्या काचेला बोट लावलं नाही. घामातलं तेल तापलं की काच तिथे कमजोर होते. दुसऱ्या बाजूचा कपलरही बदलला, कारण भाजला तोही होताच.

मुलीने चावी फिरवली. समोरच्या भिंतीवर दोन गोल पडले, सारख्या उंचीचे. आधीपेक्षा पिवळट वाटले, पण कडा स्वच्छ होती. अप्पर, डिपर, पुन्हा अप्पर. अर्धा तास चालू ठेवून बल्बच्या मागे होल्डरला हात लावून पाहिला. कोमट होता, चटका बसत नव्हता.

गणपतीला कोल्हापूरला गेलो. परतताना हुबळीपुढे रात्र झाली. समोरून येणारे ट्रक वेळेवर बाजूला सरत होते. आई मागे झोपली होती.

पुढच्या भागात कोलारच्या खाणींत उतरू. शिवनसमुद्रची वीज आधी तिथे का गेली आणि त्या उजेडात खाली कोण राबत होतं, ते पाहू. तोवर एक काम करा. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि दोन्ही दिवे लागतात का बघा. नमस्कार.