ओळखीचा वास : परदेशातली न्हाणी आणि चांद्याचे रान

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या आठवणींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात पुरणपोळी असते, पहिला पाऊस असतो, गणपती असतो. न्हाणीघर मात्र बहुधा नसते. दात कशाने घासले, केस कशाने धुतले, अंगाला काय लावले, हे प्रश्न वाङ्मयाच्या दृष्टीने क्षुल्लक ठरले असावेत. वस्तुतः घर सोडलेल्या माणसाला परकेपणाची पहिली जाणीव पुष्कळदा सकाळी तोंड धुतानाच होते.

हा विषय सुचायला दोन प्रसंग कारण झाले. आम्ही चंद्रपुरात मराठी शिकवतो. आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या जर्मनीत असते. तिने कळवले की, तिथल्या एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात तिला विको वज्रदंती मिळाली आणि आता ती दर दोन महिन्यांनी तासभर आगगाडीचा प्रवास करून केवळ त्यासाठी त्या दुकानात जाते. ते वाचून आम्हांला गहिवरून आले. दुसरा प्रसंग त्याच्या काही वर्षे आधीचा. एटापल्ली तालुक्यातील एका गावाहून आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने सोबत करंजाच्या काड्यांची जुडी आणि टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची बाटली आणली होती. वास येतो म्हणून वसतिगृहातल्या सोबतिणींनी तक्रार केली आणि बाटली खोलीबाहेर गेली. गोष्ट आमच्यापर्यंत आली तेव्हा आम्ही तिला बाजारातून खोबरेल घेण्याचा सल्ला दिला. तो सल्ला आम्हांला तेव्हा अगदी शहाणपणाचा वाटला होता.

दोघीही घरापासून दूर होत्या आणि दोघींनाही ओळखीचा वास हवा होता. एकीच्या ओढीला आम्ही संस्कृती म्हटले, दुसरीच्या ओढीला अस्वच्छता. हा भेद कुठून आला, याचा शोध घेताना थोडे इतिहासात जावे लागते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘साबण’ या शब्दाचे नाते अरबी ‘साबून’शी आहे आणि पोर्तुगीज ‘सबाँव’शीही. वस्तू बाहेरची, तसे नावही बाहेरचे. ‘शांपू’ची गोष्ट याच्या उलट. चांपणे, म्हणजे अंग रगडणे, या हिंदुस्थानी क्रियापदापासून तो शब्द इंग्रजीत गेला. मूळ पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचा आणि चंपीचा व्यवसाय थाटला, तेव्हा तिथल्या उच्चभ्रू वर्गात या शब्दाचा बराच बोलबाला झाला. पुढे त्याचा अर्थ केस धुण्यापुरता उरला आणि तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ म्हणत. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे हिंदी साबण. शिकेकाईतला ‘काई’ हा द्राविड भाषांतला फळवाचक शब्द आहे. गोंडी आणि माडिया याच भाषाकुळातल्या, हेही इथे नोंदवण्याजोगे आहे. तात्पर्य, न्हाणीघरातल्या शब्दांचे देशी आणि परदेशी असे सरळ दोन गठ्ठे करता येत नाहीत.

हेच वस्तूंनाही लागू पडते. विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. साबणात जनावराची चरबी असते, या शंकेने अनेक सोवळी घरे त्यापासून दूर राहिली. ही अडचण ओळखून अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पतीज तेलाचा साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या भावनेने त्याला बळ दिले आणि ज्या वस्तूने कालपर्यंत विटाळ होत होता, ती देशाभिमानाची खूण झाली. दंतमंजनाचेही तसेच. नागपुरात किराणा दुकान चालवलेले केशव विष्णु पेंढरकर मुंबईत आले आणि १९५२ मध्ये त्यांनी कंपनी काढली. ‘विको’ हे तिच्या नावाचे संक्षिप्त रूप. पूर्ण नाव ‘विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’. आमच्या विद्यार्थिनीला ज्यात आजीचे घर सापडते, त्या नळीवरच्या नावात औद्योगिक आणि रासायनिक हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. यात फसवणूक काहीच नाही. आपण ज्याला परंपरेचा वास म्हणतो, त्यातला बराच भाग शे-सव्वाशे वर्षांतल्या कारखान्यांतून आलेला आहे, एवढेच.

आता परदेशगमनाकडे वळू. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांचा शाकाहार, त्यांचे लुगडे, थंडीने झालेले हाल यांविषयी आपण वाचलेले असते. परंतु एक साधी गोष्ट ध्यानात घेतली जात नाही. मासिक पाळीसाठी वापरून टाकून देण्याच्या घड्या बाजारात स्थिरावल्या त्या १९२० नंतर. महायुद्धात जखमांसाठी बनवलेला लाकडाच्या लगद्याचा शोषक पदार्थ परिचारिकांनी या कामी वापरून पाहिला आणि त्यातून ‘कोटेक्स’ निघाले. म्हणजे आनंदीबाईंच्या काळी कल्याणची स्त्री आणि फिलाडेल्फियाची स्त्री, दोघीही सामान्यतः कापडच वापरत, धूत आणि लपवून वाळवत. या एका बाबतीत आनंदीबाईंना परदेश लागलाच नसणार. स्त्रियांच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना केवळ पोशाख आणि भाषा पाहून दूरता मोजली, तर अशी जवळीक नजरेतून सुटते.

आणि आता आमच्या जिल्ह्यांकडे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. हिरडा, बेहडा, खैर, करंज, मोह ही इथल्या रानाची संपत्ती. दात घासायला काडी, अंगाला आणि डोक्याला टोरीचे तेल, केसांना माती, अशा या न्हाणीतल्या बहुतेक वस्तूंना ना वेष्टण ना किंमत. ज्याला वेष्टण नाही, त्याची ओढ दाखवायला दुकानही नाही. जर्मनीत विको मिळते. चंद्रपुरातल्या एखाद्या झगझगीत दुकानात टोरीचे तेल मागून पाहावे.

परंतु हा केवळ बाजाराचा प्रश्न नाही. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी रान राखीव ठरवले आणि काडी-पाल्याचा हक्क हा सरकारच्या मर्जीवरची सवलत झाला. माणूस गावातच राहिला, पण त्याच्या वस्तू परमुलखात गेल्या. घर न सोडता परदेश भोगण्याचा हा प्रकार आपल्या प्रवासवर्णनांत कुठे बसवायचा? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. यात आणखी एक विरोध आहे. मोहाचे तेल साबणाच्या धंद्यात कच्चा माल म्हणून चालते. ज्या तेलाच्या वासाने वसतिगृहात तक्रार झाली, त्याच जातीचे तेल वास काढून, वडी पाडून आठवडी बाजारात परत येऊ शकते, आणि मग ते स्वच्छ ठरते.

मात्र ओळखीचे ते सारे चांगले, असा निष्कर्ष आम्हांला काढायचा नाही. दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू आमच्याकडे अनेकांच्या ओळखीचाच आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये बंदी आली, तरी ही सवय गेली नाही. कुर्माघरही ओळखीचेच; पाळीच्या दिवसांत माडिया-गोंड स्त्रीने गावाकडेच्या त्या झोपडीत राहायचे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तेव्हा रानातली न्हाणी रम्य करून सांगणे हीसुद्धा एक प्रतारणाच होईल. प्रश्न वस्तू जुनी की नवी हा नाही. ती वापरणाऱ्या बाईला निवड होती का, आणि तिच्या दुखण्याविषयी कोणी विचारले का, हा आहे.

या कसोटीवर आमचा तो सल्ला टिकत नाही. आम्ही त्या मुलीला काहीच विचारले नाही. तेल तिच्या केसांना मानवते का, ते कोणी गाळून दिले, काड्या संपल्यावर ती काय करते, यांतला एकही प्रश्न आम्हांला सुचला नाही. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही ‘परकेपणाचा अनुभव’ हा मुद्दा फळ्यावर लिहीत होतो, आणि तो अनुभव समोरच्या बाकावर बसलेला होता.

यंदा प्रवासवर्णनाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना घरच्या न्हाणीतल्या वस्तूंची नावे, त्यांच्या त्यांच्या बोलीत, लिहून आणायला सांगितली आहेत. त्यातून इतिहास किती हाती लागेल ते पुढे पाहू. ती मुलगी पदवी घेऊन केव्हाच गावी परतली. जाताना ती आमच्या पाया पडून गेली. बाटलीविषयी आम्ही तिच्याशी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवे होते.