दादा कोंडके : एका सोंगाड्याचें स्मरण

१४ मार्च १९९८ रोजीं दादा कोंडके मुंबईंत निवर्तले. त्याच्या पंधराच दिवस आधीं, फेब्रुवारीच्या अखेरीस, राजा गोसावी यांनीं इहलोक सोडला होता. एका पंधरवड्यांत महाराष्ट्राला हंसविणारीं दोन माणसें नाहींशीं झालीं. परंतु त्यांच्या स्मरणाची रीत मात्र निराळी राहिली. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) या चित्रपटांतील राजाभाऊंचें हास्य मध्यमवर्गाच्या ओटीवर बसूं शकणारें होतें. त्यांचे गुण गातांना कोणाची लेखणी अडखळली नाहीं. दादांविषयीं लिहितांना सुशिक्षित मनुष्य ‘अफाट लोकप्रिय’ असें लिहितो आणि लगेच पुढें ‘पण’ घालतो. त्या ‘पण’ची थोडी चौकशी करावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कृष्णा खंडेराव कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा. मूळ घराणें भोरकडचें, पण वाढ मुंबईच्या गिरणगांवांतली. गिरणीचा भोंगा, चाळींतला गलबला, गणपतीचा मांडव आणि बँडचें पथक, ही त्यांची पाठशाळा. ‘अपना बाजार’ या सहकारी भांडारांत त्यांनीं नोकरी केली आणि सेवा दलाच्या कलापथकांत उमेदवारी केली. निळू फुले आणि राम नगरकर हेहि त्याच मुशींतून निघालेले. ज्या संस्थेवर साने गुरुजींच्या शिकवणीचा ठसा, तिच्याच अंगणांत हा पुढें ‘अश्लील’ म्हणून गाजलेला नट तयार झाला, ही गोष्ट टीकाकार सहसा सांगत नाहींत.

दादांची कला समजावयाची तर तमाशाकडे वळलें पाहिजे. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटीं वग, असा तमाशाचा क्रम. त्यांत सोंगाड्याला फार मोठें स्थान. गवळणींत तो पेंद्या होऊन मावशीची थट्टा करतो. वगांत तो शिपाई किंवा हवालदार होऊन राजाला प्रश्न विचारतो. त्याच्या तोंडचीं भाषणें बहुतांशीं लिहिलेलीं नसत. समोर पाटील बसला आहे कीं सावकार, पाऊस झाला आहे कीं दुष्काळ पडला आहे, हें पाहून तो जागच्या जागीं बोले. राजाला वेडा म्हणण्याचा अधिकार सबंध गांवांत या एकट्याला होता, आणि तोहि रात्रीपुरता. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली आणि पुढें कांहीं अटींवर ती उठविली. अर्थात् अश्लीलतेचा हा खटला दादांच्या पुष्कळ आधीं सुरू झालेला आहे. दादा त्यांतले पहिले आरोपी नव्हेत.

या बंदीच्या पाठोपाठ ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला. शिकलेले लेखक वग लिहूं लागले. वसंत सबनीस यांनीं लिहिलेलें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें त्यांतलें सर्वांत गाजलेलें. कोतवालाची जागा रिकामी होते, हवालदाराचा हक्क डावलून प्रधान आपल्या मेव्हण्याला ती देतो, आणि मग हवालदार नर्तकी मैनेच्या साहाय्यानें त्या नव्या कोतवालाची फजिती करतो. एवढेंच कथानक. पण हवालदार दादा होते. शब्द सबनिसांचे, पण त्यांच्या मधल्या फटींत दादा रोज नवें कांहीं पेरीत. सकाळच्या वर्तमानपत्रांतला मंत्री रात्रीं रंगमंचावर येई. प्रयोगांची संख्या हजारावर गेली. आशा भोसले यांनीं तो प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांत दादांचा प्रवेश झाला. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘तांबडी माती’ला मिळाला.

येथें इतिहासाच्या अभ्यासकाला एक अडचण येते. चित्रपट राहिले, ‘विच्छा’ची छापील संहिता राहिली, परंतु दादांचें खरें कर्तृत्व ज्या उत्स्फूर्त बोलण्यांत होतें, तें हवेंत विरून गेलें. त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. ज्यांनीं प्रयोग पाहिला त्यांच्या मुखीं तें जेवढें उरलें, तेवढेंच आपल्या हातीं. माझ्या ओळखीचे कांहीं वृद्ध गृहस्थ आहेत. ते अद्याप सांगतात कीं पडद्यावरचे दादा म्हणजे निम्मे दादा. त्यांना वाक्यें आठवत नाहींत. तो थांबण्याचा क्षण आठवतो, कोणत्या खुर्चीकडे पाहून डोळा मिचकावला तें आठवतें. अशा साक्षीला पुरावा म्हणावें कीं नाहीं? मीं पस्तीस वर्षें मुलांना बखरी आणि अस्सल कागद यांतील भेद शिकविला. तरी मला वाटतें, नटाच्या बाबतींत प्रेक्षकांची आठवण हीच बखर आणि हाच अस्सल कागद. फक्त ती लिहून घेणारा वेळेवर भेटला पाहिजे, आणि दादांच्या रंगभूमीवरील काळाला तसे लेखक फार थोडे भेटले. ‘गाढवाचं लग्न’ या वगांतील सांवळ्या कुंभार जिवंत करणारे दादू इंदुरीकर १९८० सालीं गेले, त्यांच्याहि बाबतींत तेंच झालें.

१९७१ सालीं दादांनीं स्वतः निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखन पुन्हां सबनिसांचें, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचें, नायिका उषा चव्हाण. आईच्या धाकांत वाढलेला भोळा नाम्या तमाशाच्या नादीं लागतो आणि अखेर स्वतःच सोंगाड्या होतो. गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार, बाहेर लोंबणारी नाडी आणि तोंडीं सदा ‘आये’ची हांक! हा वेष पुढें दादांचें निशाणच झाला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहानें हा चित्रपट बाजूला ठेवून देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचें ठरविलें, तेव्हां दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, आणि शिवसैनिकांच्या आग्रहानें ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. ही कथा चाहते अनेक तऱ्हांनीं सांगतात, आणि प्रत्येक वेळीं जमावाची संख्या थोडी वाढते. तें असो. मराठी चित्रपटाला मुंबईंतच पडदा मागावा लागला, एवढें तिच्यांतलें सार खरें आहे. दादा पुढें शिवसेनेच्या व्यासपीठावरून भाषणें करीत, त्याचें मूळहि येथेंच सांपडतें.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७) असे चित्रपट एकामागून एक आले. त्यांच्या नऊ चित्रपटांनीं पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव साजरा केला आणि या पराक्रमाची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथांत झाली. हा विक्रम कोणाच्या बळावर झाला? शहरांत तो गिरणीच्या पाळीवरून परस्पर चित्रपटगृहांत शिरणाऱ्या कामगारानें केला, आणि खेड्यांत जत्रेच्या तंबूंत मातीवर बसून पाहणाऱ्या कुणब्यानें. आमच्या शिक्षकांच्या खोलींत दादांचें नांव निघालें कीं नाकें मुरडलीं जात. बाहेर घंटा देणाऱ्या शिपायाला मात्र ‘पांडू हवालदार’ सबंध पाठ होता.

आतां त्या ‘पण’कडे वळूं. दादांचा बचाव ठरलेला असे: शब्द निर्मळ आहे, वाईट अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत आहे. हा बचाव चतुर आहे, आणि अर्धा खराहि आहे. द्व्यर्थी बोलणें महाराष्ट्राला नवें नाहीं. नाथांच्या भारुडांतहि दोन अर्थ असतात. पण तेथें वरचा अर्थ संसाराचा आणि आंतला परमार्थाचा, तर दादांचे येथें वरचा अर्थ निष्पाप आणि आंतला चावट. हा फरक थोडा नव्हे. माझें मत स्पष्ट सांगतों. ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ यांत चावटपणा हा भोळ्या माणसाच्या भोळेपणांतून उगवतो, म्हणून तो सुसह्य, किंबहुना निरोगी वाटतो. पुढें पुढें, विशेषतः १९८० नंतर आणि हिंदींत, आधीं द्व्यर्थ योजून मग त्याभोंवतीं माणूस बसविलेला दिसतो. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) हें नांवच पाहावें. तेथें सोंगाड्या उरला नाहीं, नुसतें सोंग उरलें. परंतु उत्तरकाळाच्या पापाबद्दल पूर्वकाळाला शिक्षा करणें हा न्याय नव्हे, आणि सुशिक्षितांचा ‘पण’ नेमका तेंच करीत आला आहे.

आणखी एक गोष्ट या स्मरणांत मिसळलेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. संप अधिकृतपणें कधीं मागें घेतला गेला नाहीं. गिरण्या मात्र एकेक करून मिटत गेल्या. ज्या वर्गानें दादांना डोक्यावर घेतलें, तो वर्ग दादांच्या हयातींतच विखुरला. कोणी गांवीं परतला, कोणी शहराच्या टोकाला फेकला गेला. म्हणून १९९८ सालीं दादा गेले तेव्हां लालबाग-परळच्या माणसाला जें हरवल्यासारखें वाटलें, त्यांत एक नट होता, आणि पाळी सुटल्यावर चौघांनीं मिळून खदखदून हंसण्याची ती संध्याकाळहि होती. अशा चाहत्यांशीं बोलतांना ते दादांची गोष्ट सांगत सांगत आपल्या खात्याची, आपल्या साच्याची गोष्ट कधीं सांगूं लागतात, हें त्यांनाहि कळत नाहीं.

दादांच्या आयुष्याची हकीकत अनिता पाध्ये यांच्या ‘एकटा जीव’ या पुस्तकांत शब्दबद्ध झाली आहे. जिज्ञासूंनीं ती अवश्य पाहावी. जगाला हंसविणाऱ्या या माणसाच्या घरीं एकटेपण किती होतें, हें तींत वाचावयास मिळतें. त्यांचीं गाणीं मात्र एकटीं राहिलीं नाहींत. उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजांतील तीं गाणीं लग्नाच्या वरातींत बँडवाले अद्याप वाजवितात. १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ या चित्रपटांतलें पावसाचें गाणें तर २०१९ सालीं ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटानें नव्यानें उचललें. त्यावर नाचणाऱ्या कित्येक पोरांचा जन्म दादांच्या मृत्यूनंतरचा आहे.